उतरंडीचा राखणदार

३ जानेवारी १९९४, लातूर
निलंग्याहून सकाळच्या एस.टी.ने आलो. खिडकीची जागा मिळाली आणि नोकरीही चांगली मिळाली. बापूसाहेबांच्या घरी वरच्या मजल्यावर बारावीची मुलं राहतात. पहाटे क्लास, दुपारी झोप. बहुतेक भूकंपाच्या गावांतली. खाली कुणी जागं असल्याशिवाय त्यांना स्लॅबखाली झोप लागत नाही. म्हणून जिन्यापाशी पितळी तांब्यांची उतरंड रचली आहे. जमीन हलली की ती कोसळेल. ती पडली की मी ओरडून सगळ्यांना बाहेर काढायचं. दमलेली पोरं नुसत्या भांड्यांनी उठायची नाहीत, असं बापूसाहेब म्हणाले.

६ जानेवारी
तांबे चिंचेने घासून पुन्हा रचले. बालाजी नावाचा मुलगा फार चिडवतो. म्हणाला, मामा, तुमच्यापरीस मांजर बरं, ते पगार तरी मागत न्हाई. पण झोपण्याआधी तोच रोज कठड्यावरून वाकून पाहतो, मी बसलो आहे ना. त्याच्या घरातला तो एकटाच उरला आहे.

९ जानेवारी
ढिगारे उपसताना माझ्या कंबरेवर भिंत आली होती. ते दुखणं थंडीने उठलं. बसवत नाही. बापूसाहेब पूर्वी मेडिकल कॉलेजात औषधं शिकवत. त्यांच्या पत्नीच्या कॅन्सरच्या वेळच्या गोळ्या कपाटात उरल्या होत्या. त्यांतली अर्धी दिली आणि वर्गात सांगावं तसं सांगितलं. औषध रक्तातून मेंदूच्या कुंपणापाशी येतं आणि सावकाश आत झिरपतं. थोडं गेलं तर दुखणं विझतं. जास्त गेलं तर भीती विझते. त्याहून जास्त, तर श्वास घ्यायची आठवण. दुखणं बरं होत नसतं, नरसिंग, त्याची हाक ऐकणारा झोपतो, असं म्हणाले. अर्धीच्या वर जायचं नाही, ही ताकीद.

१० जानेवारी
कंबर आहे, पण ती माझी नाही. दिवसभर ताठ बसलो.

१५ जानेवारी
बापूसाहेब विष्णुपुरीला लेकीकडे गेले. कपाटाला कुलूप नाही. अर्धीने भागेना म्हणून एक घेतली. बराच वेळ काहीच होईना, म्हणून आणखी एक. आत पोचायला वेळ लागतो, हे विसरलो. मग दोन्ही एकदम पोचल्या. हातावर उकळता चहा सांडला. फोड आला. तो फुगताना मी पाहत होतो.

१९ जानेवारी
बालाजी म्हणाला, मामा, तुमच्या डोळ्यांतली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालीय, लई भ्या वाटतंय. मलाही वाटायला हवं होतं. शोधलं. सापडलं नाही.

२२ जानेवारी
आणखी वाढवल्या. श्वास मुद्दाम घ्यावा लागतो. घेतला. विसरलो — घेतला.

२४ जानेवारी, दुपार
उतरंड पडली. एक तांब्या अजून घरंगळतो आहे. आवाज लांबून आला, दुसऱ्या कुणाच्या घरातून आल्यासारखा. भिंतीला चीर गेली. वहीवर चुना पडतो आहे. तो झटकून लिहितो आहे.
वर मुलं झोपली आहेत. ओरडायचं, हे मला नीट ठाऊक आहे. ओरडायला आधी श्वास —
बालाजी कठड्यावरून वाकला. मी बसलेला दिसलो. शांत, जागा. मांजरानं पाडले व्हय मामा, असं झोपेतच विचारून तो परत —
पुन्हा हललं. चीर स्लॅबपर्यंत —
श्वास घ्यायचा. मग हाक मारायची. आधी