नाताळचा दिवाळसण

१३ जुलै, रविवार

बडा दिन, म्हणजे नाताळ, पंचवीस डिसेंबरला. पाच महिने बारा दिवस राहिले. आज सुरुवात केली — कुशलसाठी चांदीचा पेला घेतला!

दिवाळसण राहिलाय त्याचा. लग्नाला चार वर्षं झाली. एकुलती एक रेवा आमची, आणि तिच्या नवऱ्याला पहिल्या दिवाळीला ना पाट मांडला, ना उटणं लावलं, ना साधं करदोड्याएवढं काही हातावर ठेवलं. का, तर तो मसीही, ख्रिश्चन. आता इतक्या वर्षांनी दिवाळीला बोलवायला मला तोंड नाही. परवा स्वयंपाक करताना एकदम सुचलं, त्याच्याच सणाला द्यावा! त्यांच्यात त्या दिवशी सगळे सगळ्यांना भेटी देतात, कागदात गुंडाळून. म्हणजे दिवाळसणच की. नुसता दोन महिने पुढे ढकललेला.

यांना सांगितलेलं नाही. कसं सांगणार? चार वर्षांत यांनी लेकीचं नाव काढलेलं नाही. मी काढलं की उठून अंगणात जातात, कुंड्यांना पाणी घालतात. पेला फडताळात ठेवलाय, उडदाच्या डब्यामागे. तिथे यांचा हात कधी जात नाही.

२० जुलै

यादी केली. कुशल — पेला, शिवाय हाताने विणलेला स्वेटर. रेवा — साडी. तिच्या सासूबाई सुनीताजी — काय द्यावं? बाईंना पाहिलंसुद्धा नाही. नर्स होत्या, रिटायर झाल्या, एवढंच माहीत. आणि जाई.

जाई पंधरा महिन्यांची आहे. आमच्या दतिया गेटपासून रेवाचं सासर, नगरा, असं किती लांब! ई-रिक्शाने पाऊण तास, तोही वाटेत गर्दी लागली तर. पंधरा महिन्यांत मला पाऊण तास मिळाला नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

रेवाने जाईचा व्हिडिओ पाठवला. चालायला लागली! तीन पावलं, मग धप्प. अकरा वेळा पाहिला आणि पुसून टाकला. यांनी फोन उघडला आणि दिसला तर घरात आठवडाभर अबोला. म्हणून सगळंच पुसते. एकही फोटो ठेवलेला नाही.

आज मंगळवार, हे हनुमानाच्या मंदिरात गेलेत. आता आठपर्यंत येत नाहीत. रिटायर झाल्यापासून देवधर्म फार वाढलाय यांचा. बरंच आहे, मला विणायला वेळ मिळतो.

११ ऑगस्ट

गिफ्टचा कागद मिळेना. दुकानदार म्हणतो, "आंटीजी, अगस्त में क्रिसमस? अभी तो राखी निपटी है!" फुगे छापलेले होते, नाहीतर 'हॅपी अॅनिव्हर्सरी'. शेवटी साधा रुपेरी घेतला, सहा ताव.

आपल्याकडे आहेर कसा उघडा, ताटात. वर नारळ, लोकांना दिसला पाहिजे. झाकून देणं म्हणजे आत काहीतरी कमी आहे असं वाटायचं आमच्या सासूबाईंना. शिकावं लागणार. पहिल्या साडीच्या पाकिटाची गत कंदी पेढ्याच्या पुड्यासारखी झाली. सोडून परत बांधलं.

२ सप्टेंबर

मऊरानीपुरला आत्तेबहिणीकडे जाऊन आले. तिथून सुनीताजींसाठी हातमागाची चादर आणली. निळी, बारीक चौकटीची. धुतली की मऊ होते, विणकर म्हणाला. बाईंना आवडेल का? पसंत काय, नापसंत काय, कोणाला विचारू? विहिणी-विहिणी म्हणजे एकमेकींच्या सवयी पाठ असाव्या लागतात.

१० सप्टेंबर

पितृपक्ष. नवीन काही घ्यायचं नाही. स्वेटरची फक्त एक बाही विणली.

२६ सप्टेंबर

जाईचा फ्रॉक घेतला. पिवळा, पोटावर चुण्या. किती गोड! चांदीचे वाळेही बघून ठेवले. ते शेवटी घेईन, पाऊल वाढतं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

पकडले गेले! दिवाळीची साफसफाई चालली होती, फ्रॉक पलंगावर राहिला, आणि हे मंदिरात निघता निघता खोलीत आले. "हा कोणाचा?" मी म्हटलं, शेजारच्या विजयालक्ष्मीच्या नातीसाठी. यांनी उचलला, उलटासुलटा केला, बाहीत दोन बोटं घालून पाहिली. "लहान होईल. दंडात अडकेल." ठेवला आणि गेले.

यांना काय कळतंय! स्वतःच्या लेकीला कधी फ्रॉक घातला नाही जन्मात. मी तिरीमिरीत विजयालक्ष्मीकडे गेले. तिची नातही अशीच दीड वर्षाची. घालून पाहिला — दंडात अडकला. विजयालक्ष्मी म्हणाली, "दीदी, बच्चे तो रातोंरात बढ़ते हैं।" मी जुलैतल्या जाईसाठी खरेदी करत होते. मधल्या महिन्यांत ती मोठी होत राहिली, हे माझ्या यादीत नव्हतंच.

२२ ऑक्टोबर, पाडवा

यांना ओवाळलं. फराळ चांगला झाला, करंज्या तेवढ्या फुटल्या. जावयाचा पाट याही वर्षी मांडला नाही. मनात म्हटलं, बस, दोन महिने.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

यांनी मंदिरात न्यायला चकल्या-शंकरपाळे डबाभर मागितले. पुजाऱ्याला हवेत म्हणे! हनुमानाला चकली मी पहिल्यांदा ऐकली. दिला डबा. रिकामा परत आणा म्हटलं, मागच्या वर्षीचा गेला तो गेलाच.

६ नोव्हेंबर

सगळी पाकिटं झाली! पाच. नवा फ्रॉक मोठ्या मापाचा. शेवटच्याला गाठ मारली आणि सवयीने प्रत्येकाच्या कोपऱ्यावर हळदीकुंकवाचं बोट टेकवलं. टेकवल्यावर लक्षात आलं, त्यांना चालेल का? चर्चमध्ये जाणारी माणसं. उगीच वाटायचं, बाईने आमच्या सणावर आपला शिक्का मारला. रुपेरी कागदावरचं कुंकू पुसलं जात नाही, पसरतं. कोपरे अजूनच लाल झाले. पाचही सोडली. पाचही परत बांधली. कागद संपला.

आता फक्त बोलावणं. बेत असा — ते तिघं आणि सुनीताजी पंचवीसला दुपारी येतील. यांना सकाळी सांगायचं. ऐनवेळी दारात आलेल्या माणसाला हे काही हाकलणार नाहीत. पुरणपोळी, कटाची आमटी. पाटाभोवती रांगोळी. कुशलला अंगठ्याने टिळा लावीन, नाही, टिळा नको. बघू.

९ नोव्हेंबर, रविवार

हे दाढी करायला बाहेर गेले तेव्हा रेवाला फोन केला. एका दमात सांगून टाकलं. पंचवीसला सगळे या, दिवाळसण करायचाय.

ती म्हणाली, "आई, उस दिन बडा दिन है." म्हटलं, म्हणूनच तर! म्हणाली, "त्या दिवशी मी घर सोडून कशी येऊ? सकाळी चर्च असतं, मग सगळे आमच्याकडे येतात. मम्मीजी पहाटेपासून किचनमध्ये. कुशलने आईला टाकून सासुरवाडीला जायचं, त्या दिवशी?" मग म्हणाली, "तू लक्ष्मीपूजनाला घर बंद करून दुसऱ्यांकडे गेली असतीस का?"

रागाने नव्हती बोलत. तेच जास्त लागलं. जावई सणाला सासुरवाडीला यायचा असतो, एवढंच मला माहीत. त्याच्या सणालाही त्याचं एक घर असतं, तिथे एक आई असते, हे मला चार महिन्यांत एकदाही सुचलं नाही. पाकिटं काय बांधत बसले होते मी!

फोन ठेवताना म्हणाली, "तुम आ जाओ ना आई." मी म्हटलं, बाबांना विचारावं लागेल. ती काहीतरी म्हणणार होती, मग म्हणाली, "हां. विचार."

१० नोव्हेंबर

विचारलं नाही.

१९ नोव्हेंबर

खरं लिहू का? इथे कोण वाचतंय?

त्या दिवशी दोघं कोर्टात लग्न करून सरळ घरी आली होती. रेवाच्या हातात लाडवांचा डबा. तो बिचारा मागे, पायरीच्या खाली, चपला आधीच काढून. हे आत होते. रेवाचा आवाज ऐकून उठले, घाईत पायात माझ्या सपाता घातल्या. आणि दारात मी उभी होते. मी म्हणाले, "आम्हाला मुलगी नाही."

मी. यांनी नाही. यांनी एक अक्षर काढलं नव्हतं. माझ्या सपाता घालून हे तसेच चौकटीमागे उभे राहिले, मी दार लावलं, आणि हे मागे फिरले. चार वर्षं मी सगळ्यांना सांगतेय, मला काय, मी आज जाईन, पण हे ऐकत नाहीत ना! विजयालक्ष्मीला सांगितलं, आत्तेबहिणीला सांगितलं. इतक्यांदा सांगितलं की मलाच खरं वाटायला लागलं. यांनी नाव काढलं नाही ते रागाने की मला घाबरून, हे मी कधी विचारलं? विचारायला काय झालं होतं? एक वाक्य. ते बोलायला जड जात होतं म्हणून जुलैपासून बाजार करत बसले.

पाप केलं मी. दुसरा शब्द नाही.

३ डिसेंबर

बाजारात आता लाल-हिरव्या कागदांचे ढीग लागलेत. झाडं, तारे, ती पांढरी दाढी. माझी रुपेरी पाकिटं कालच्या मुंजीतली वाटतात. तरी कागद बदलला नाही. वाळे आणले.

९ डिसेंबर, मंगळवार

यांना सांगायचं ठरवलं होतं. चहा ठेवला, समोर बसले. "अहो, ऐका ना." यांनी एकदम वर पाहिलं, इतकं घाबरून की मीच घाबरले. म्हटलं, मफलर घेऊन जा, थंडी पडलीय. घेतला, गेले. आम्ही दोघं एका घरात राहतो आणि मला यांच्याशी एवढंही बोलता येत नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार

आज पुन्हा तेच. बोलले नाही. हे बुंदीचा प्रसाद घेऊन आले आणि जेवताना उगीचच हसत होते. विचारलं काय झालं, तर म्हणाले, "काही नाही, एका माकडाने चश्मा ओढला." मंदिराभोवती माकडं फार झालीत.

२१ डिसेंबर, रविवार

रेवाला निरोप पाठवला नाही. आधी कळवलं तर ऐनवेळी माझा पाय निघणार नाही आणि तिला पुन्हा एकदा फसवल्यासारखं होईल. परवा मंगळवार. हे चारला मंदिरात जातील, मी सव्वाचारला निघेन, साडेसातच्या आत परत. यांना नंतर सांगेन. रागावले तर रागावू देत. निदान या वेळी खरोखर यांच्या रागाला भिऊन सांगितलं नाही असं तरी होईल.

काय बोलायचं दारात? "चुकले" म्हणायचं. पहिलं तेच. सुनीताजींच्या पाया पडू का? वयाने माझ्याएवढ्याच असतील. हात जोडीन. जाईला लगेच उचलायचं नाही, आधी ओळख होऊ द्यायची. पण ती आली तर उचलीन.

२३ डिसेंबर, मंगळवार, सकाळ

रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. ती मोतिया साडी नेसणार आहे, रेवाला आवडायची. पाच पाकिटं कापडी पिशवीत बसत नव्हती, दोन पिशव्या केल्या. हे विचारत होते, "आज कुठे जायचंय का?" म्हटलं, नाही हो.

२३ डिसेंबर, संध्याकाळ

रेवाच्या घरचं दार यांनी उघडलं.

हातात कात्री, गळ्यात लाल झालर, नाकावर घसरलेला चश्मा. खांद्यावर जाई. मी पिशव्या खाली ठेवल्या आणि हात पुढे केले. तिने माझ्याकडे नीट पाहिलं, मग यांच्या कॉलरला घट्ट धरून मानेत तोंड लपवलं. "अज्जू," म्हणाली. यांना.

आतून सुनीताजींचा आवाज आला, "बाबूजी, कौन आया है?"