महिनाभर मासे

गुरुजी,

मी मासे खातो आहे. आज बाविसावा दिवस. मटण नाही, कोंबडी नाही, अंडेही नाही; फक्त मासे, आणि तेही ठरवून एकच महिना. भाचीची मुलगी ठाण्याला असते. ती सांगते की अशा आहाराला शहरात आता एक इंग्रजी नाव आहे आणि लोक तो प्रकृतीसाठी करून पाहतात. माझी प्रकृती उत्तम आहे. मी हे तुमच्याविरुद्ध करतो आहे. तुम्हांला जाऊन एकतीस वर्षे झाली, त्यामुळे तुम्ही उत्तर देऊ शकत नाही. पण त्यात मला अन्याय दिसत नाही. चौदाव्या वर्षी तुमच्यापुढे उभा होतो तेव्हा मलाही उत्तर देता येत नव्हते.

जव्हारला तुमच्या घराच्या मागच्या खोलीत मी शिकायला राहत होतो. तुमचे स्वयंपाकघर मला अजून जसेच्या तसे दिसते: फळीवर उतरत्या क्रमाने लावलेले पितळेचे डबे, सारवलेली जमीन, आणि दारात तुम्ही. माझ्या हातात पळसाच्या पानाची पुडी आहे. आईने आमच्या गावाहून, साखरशेतहून, दिलेले सुके मासे, ओहोळातले, बोटभर, चुलीच्या धुरावर वाळवलेले. तुम्ही ओरडला नाहीत. ओरडला असता तर एव्हाना विसरलो असतो. तुम्ही म्हणालात, "ते बाहेर ठेव, हात धू, आणि हे खाणे योग्य का ते मला सांग." मी सांगितले की माझी आई खाते. "हे कारण नव्हे. ही माहिती झाली." तीन संध्याकाळी तुम्ही मला समोर बसवलेत आणि माझे प्रत्येक वाक्य शांतपणे मोडून माझ्या हातात परत दिलेत. चौथ्या दिवशी मी तुमच्या बाजूला आलो. त्या आनंदात तुम्ही मला स्वतःच्या ताटाशेजारी जेवायला बसवलेत, आणि पुढे हाच विषय देऊन वक्तृत्व स्पर्धेला उभे केलेत. ढाल मिळाली. ती शाळेच्या कपाटात गेली. युक्तिवाद माझ्याकडे राहिला.

तो असा होता: ज्याला दुसरे अन्न मिळू शकते त्याने जीव मारू नये; मनुष्याला दुसरे अन्न मिळू शकते; म्हणून मनुष्याने जीव मारू नये. रचना निर्दोष आहे, ते मी आजही मान्य करतो. दोष दुसऱ्या विधानात आहे. तिथे तुम्ही 'मनुष्य' म्हणालात तेव्हा तुमच्या डोळ्यांपुढे तुमच्या घरातली तांदळाची कणगी होती. आमच्या घरी नाचणी होळीपर्यंत पुरली तर ते साल बरे गेले असे म्हणत. पुढे आई ओहोळाच्या तोंडाशी बांबूची टोपली लावून गुडघाभर पाण्यात उभी राही, आणि जे येई ते आमच्या पोटात जाई. दुसरे अन्न तुम्ही तिला दाखवले नाहीत, विचारलेही नाहीत. मी छत्तीस वर्षे वकिली केली. विरुद्ध पक्षाने असे विधान केले असते तर मी ते पाच मिनिटांत पाडले असते. ते माझ्याच तोंडून येत होते, म्हणून टिकले.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेलो. आईने माझ्यासाठी मासे राखून ठेवले होते. वाळवलेल्या कैरीची आंबोशी घालून कालवण केले होते, वर नाचणीची भाकरी. मी ताट सरकवले आणि उभा राहून तिला संपूर्ण भाषण ऐकवले, स्पर्धेत जिथे थांबलो होतो तिथे थांबून. तिला माझी शाळेतली मराठी निम्मीच कळत होती. ऐकून झाल्यावर तिने विचारले, "एवढा कोन शिकवला तुला?"

"गुरुजींनी."

"आन त्यांचे घरात पानी भराया कोन जातं? आपल्यातलीच बाई ना? ती काय जेवते, इचारला का तू?"

मी म्हणालो, हा मुद्दा गैरलागू आहे. हा शब्दही तुमचाच. ती हसली आणि शेजारच्या बाईला ते कालवण देऊन आली. दुसऱ्या दिवसापासून माझ्या वरणासाठी वेगळे मडके. शेजारणींना ती सांगे, "माझा पोऱ्या गुरुजीसारखा जेवतो." पुढे वीस वर्षे मी घरी असलो की तिने चुलीवर मासा चढवला नाही, स्वतःही खाल्ला नाही. अखेरच्या आजारात एकदा तिने विचारले, "आता तरी खाशील काय रं माझ्यासंगं?" मी तिला तोच युक्तिवाद सांगितला, थोडा संक्षेपाने. तिचा हा प्रश्न मी तुमच्या नावावर लिहून ठेवला आहे, गुरुजी. तुमच्या शोकसभेत मी तुमच्या तर्कशुद्धतेवर बोललो. लोकांना ती स्तुती वाटली.

म्हणून हा महिना. रोज दुपारी साखरशेतला धाकट्या बहिणीकडे जेवतो. तिला आईचा हात आला आहे असे सगळे म्हणतात. पहिल्या दिवशी काटा घशात अडकला तेव्हा ती भाताचा कोरडा गोळा पुढे करत म्हणाली, "गीळ, दादा. का काट्यावर दावा लावशील?" आता ती प्रत्येक मासा सोडवून, काटे काढून माझ्या ताटात ठेवते, लहान मुलाला द्यावा तसा. "पन्नास वरसा पाला खाल्लास. मासा तुझ्याकडं बघत नाय, तूच त्याच्याकडं बघत बसतोस. जेव."

या पत्राचा शेवट मी पहिल्याच दिवशी योजला होता: तुमचे विधान असिद्ध, माझे ताट मला परत. पण साक्ष अर्धी देऊ नये. मासे मला आवडत नाहीत. वास आला की घास तोंडाशी थांबतो. मी श्वास रोखून तो उतरवतो आणि आणखी वाढायला सांगतो. तर्कात तुम्ही हरला आहात, त्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. मात्र जिभेशी वाद घालण्याची रीत तुम्ही मला शिकवली नाहीत, आणि तिथे तुम्ही अजून बसलेले आहात. हे तुम्हांला कळावे अशी माझी इच्छा नाही. पत्ता असता तरी हे पत्र टपालात पडले नसते.

आज ताट उचलताना बहिणीने विचारले, "कालवन आयच्यासारखा झाला का रं, दादा?" मी म्हणालो, अगदी तसेच. तिचा चेहरा उजळला. आईच्या हातचे कसे लागत असे, ते मला आठवत नाही.