अठ्ठावन्न बंद घरं

अलिबाग,
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय नूतन,

आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघा सोडून. पनवेलला नव्या नोकरीत तुझं बस्तान बसलं असेल. वेळेवर जेवत जा; सर्व्हेच्या कामावर असताना कधी जेवत नव्हतीस.

तुझा मेसेज मिळाला. "मॅडम, माझ्या आईला विचारलं होतंत का?" एवढीच ओळ. उत्तराला मी नऊ दिवस लावले. तू हे काम माझ्या हाताखाली शिकलीस, म्हणून आधी पद्धत सांगते.

रेवदंड्याच्या किनाऱ्यावर बाग आणि फिरायचा रस्ता लोकांना हवा आहे का, हे आपल्या सर्व्हे कंपनीसाठी विचारायचं होतं. गावातली दोनशे चाळीस घरं चिठ्ठ्या टाकून निवडली. वेळ दहा ते चार. घर बंद असेल तर तीनदा जायचं, तरीही बंदच असेल तर शेजारचं घ्यायचं. अठ्ठावन्न घरं बंद मिळाली, ती बदलली. चौऱ्याहत्तर टक्के लोक हो म्हणाले. एकही फॉर्म खोटा नाही. मी स्वतः तपासले आहेत.

गेल्या महिन्यात बागेसाठी कुंपण घातलं. ते नेमकं मासळी सुकवायच्या खळ्याभोवती आलं, हे तुला घरून कळलंच आहे.

बंद घरं जवळजवळ सगळी कोळीवाड्यातली होती. बायका पहाटे बंदरावर, मग ऊन उतरेपर्यंत खळ्यावर. त्यांच्या बदली मिळाले ते पर्यटकांना खोल्या देणारे. हे मला अहवाल आल्यावर समजलं, असं मी या पत्राच्या पहिल्या कागदावर लिहिलं होतं. तो कागद फाडला.

कामाच्या तिसऱ्या दिवशी तुझी आई रस्त्यात भेटली. डोक्यावर पाटी.

"सगल्या गावाला इचारतेस बाय, आमाला कवा इचारशील गो?"

"घरी असाल तेव्हा, चंद्राबाई."

"मंग दिवा लागल्यावर ये."

मी गेले नाही. दहा ते चार ही वेळ कंपनीने दिलेली नव्हती. मी ठरवली होती. शुक्रवारी फॉर्म द्यायचे होते, आणि तीस वर्षांत माझं काम एकदाही उशिरा गेलेलं नव्हतं.

कंपनीला सगळं लिहून कळवलं. निवड नियमाप्रमाणे झाली आहे, असं उत्तर आलं. झालीच आहे.

परवा संध्याकाळी कोरा फॉर्म घेऊन तुझ्या घरी गेले. सुकट आता ओटीवर पसरलेली असते, पाय ठेवायला जागा नाही. एकोणीस प्रश्न विचारले. तुझ्या आईने एकेकाचं उत्तर विचार करून दिलं. मग म्हणाली, "सही कुटं करू?" या फॉर्मवर सही नसते. तरी मी जागा दाखवली.

तिने सावकाश सही केली. "आता तरी कुंपन काडतील न, बाय?"

मी पिशवी उचलली आणि उठले. फॉर्म वर गेला असं ती धरून चालली आहे. शेजारणींना तिने सांगितलंय; आमची पाळी कधी, म्हणून त्यांचे फोन येतात. फॉर्म माझ्या टेबलावर पडला आहे. तो पाठवायचं ठिकाणच नाही.

तू घरी जाशील तेव्हा तिला खरं काय ते सांग. मला जमलं नाही.

या पत्राला उत्तर आलं नाही, तर कारण विचारणार नाही.

सुचिता वर्तक