ओसिचीच्या बखरीतली चार पानं

१२ मे २०१९

राडिमने पुस्तिकेचा मसुदा आणून दिला. आठ पानं. पहिल्याच ओळीत दोन चुका! गावाची उंची सहाशे बारा मीटर, याने लिहिलीय सहाशे एकवीस. आणि ओसिचीचा पहिला उल्लेख १३६९ च्या मठाच्या दानपत्रात आहे — 'सात घरं, एक पाणचक्की' — तो याने कुठल्याशा राजाच्या नावावर खपवलाय. सरपंच झाला म्हणून काय झालं, चौथीत नकाशावर उत्तर दिशा खाली दाखवणारा हाच.

वर आणखी एक खूळ. साडेसहाशे वर्षांच्या सोहळ्यासाठी चॅपेलवर फलक लावायचाय: 'या छपरावरचा पाऊस दोन समुद्रांना जातो.' म्हटलं, राडिम, जलविभाजक रेषा चॅपेलवरून जातच नाही. तीस वर्षं मी शाळेतल्या मुलांना घेऊन ती मोजलीय. ती चाळीस मीटर वर, माझ्या आणि विलेम वोंद्राकच्या घरामधल्या रस्त्यावरून जाते. माझ्या अंगणातलं पाणी उत्तर समुद्राला, त्याच्या अंगणातलं काळ्या समुद्राला. तर म्हणतो, "बाई, तुमच्या रस्त्याचा फोटो काढायला कोण येणारे?"

निर्लज्ज! पण रेषा आहे तिथेच बरी. वोंद्राकशी मला पाण्याचासुद्धा संबंध नको.

१४ मे

ब्रनोहून ब्लांकाचं पत्र. २९ जूनला, सोहळ्याला येतेय. पाणचक्कीवाल्या वेइवोदांची नात. आजवर कधी आली नव्हती.

ऑक्टोबर १९५२. तिची आई सहा वर्षांची होती. कम्युनिस्ट सरकारने घर सोडायला दोन तास दिले. एक ट्रक, चादरींत बांधलेल्या पिसांच्या दुलया, आणि थेट सीमेवरच्या सरकारी शेतावर मजुरीला. गुन्हा काय, तर स्वतःची चक्की आणि बारा हेक्टर जमीन. म्हातारा वेइवोदा दुसऱ्याच हिवाळ्यात गेला. घर सोडताना त्यांना एक कागद दाखवला होता — 'ही गावाची इच्छा आहे', खाली गावकऱ्यांच्या सह्या. ब्लांका विचारते, तो कागद लिहिला कोणी? एवढंच हवंय तिला. नाव.

पाणचक्कीत पुढे शाळा झाली. मी तिथेच शिकले, तिथेच शिकवलं. वर्गात चक्कीचं दगडी जातं अजून भिंतीला टेकून होतं.

आणि बखरीत? आमची गावची बखर कायद्याने ठेवायची असते, दरवर्षी हाताने लिहायची असते. तेव्हा ती बाबा लिहायचे. गावचे मास्तर, मोत्यासारखं अक्षर. बावन्न सालची चार पानं, क्रमांक सत्त्याऐंशी ते नव्वद, नाहीत! ब्लेडने कापलीत, अगदी सरळ. बाबांनी खरं लिहिलं असणार, म्हणूनच कापली. तेव्हा गावसमितीचा अध्यक्ष कोण? आल्बिन वोंद्राक, तांबट. बखर कोणाच्या कपाटात असायची? त्याच्याच. सगळ्यांना माहीत आहे. बोलत कोणी नाही.

आता बखर माझ्याकडे आहे. ब्लांकाला कळवलं, नाव देईन. शब्द दिलाय.

२० मे

पंचायतीची बैठक. चॅपेलचं छप्पर बदलायचंय. म्हणजे शिखरावरचा तांब्याचा गोळा खाली येणार. प्रत्येक दुरुस्तीत गोळ्यात गावाची कागदपत्रं ठेवायची, पुढच्यांनी उघडायची, ही आमची रीत. मागचा गोळा १९५७ मध्ये बंद झाला. मी म्हटलं, उघडायचा. सगळ्या गावासमोर. बखरकार म्हणून वाचायचा मान माझा, तिथल्या तिथे मोठ्याने वाचेन.

आणि विलेम वोंद्राक उठला. वर्षानुवर्षं बैठकीत तोंड न उघडणारा माणूस! म्हणाला, "गोळा उघडू नका. डाख माझ्या वडिलांनी दिलाय. अजून पन्नास वर्षं त्याला काही होत नाही."

बघा! सत्तावन्न साली गोळा बंद करणारा कोण, तर आल्बिन वोंद्राक. मुलाला ठाऊक आहे आत काय आहे ते. चोराच्या मनात चांदणं! मी तसं भर बैठकीत म्हटलं. कोणी हसलं नाही. मतदान झालं, पाच विरुद्ध दोन. उघडायचा.

२१ मे

दिवसभर डोकं तापलेलं. बटाटे करपले.

२ जून

बसथांब्यावर मला वोंद्राकने गाठलं. टोपी हातात. गेल्या वर्षी गारांनी माझी पन्हळ फुटली तेव्हा न बोलावता येऊन दुरुस्त करून गेला होता. मी कॉफीसुद्धा विचारली नव्हती. बापाच्या पापाची भरपाई करतोय, म्हटलं, करू दे.

आज म्हणाला, "ड्राहा, राहू दे ना वरचं वर."

मी विचारलं, तुझ्या बापाचं पाप वर झाकून ठेवायचं का?

"समज तसं."

समज तसं! एवढा कोडगेपणा! मग म्हणाला, निदान आधी घरी नेऊन एकटीने वाच, मग लोकांसमोर. मी म्हटलं, साठ वर्षं तुम्ही लोकांनी घरातल्या घरात दाबलंत, आता चौकात वाचलं जाईल. बस आली. मी चढले. तो तिथेच उभा. त्याला कुठे जायचंही नव्हतं.

१५ जून

फलक आला. चुकीचा, आणि वर सोनेरी अक्षरात! राडिमला बोलले, बोलले, बोलले. तो मान डोलवत राहिला. शेवटी म्हणतो, "बाई, थोडंसं खोटं असलं तर कोणाचं काय बिघडतं?" मी म्हटलं, थोडंसं खोटं असं काही नसतं, उंची सहाशे बारा असते नाहीतर नसते. बाबांनी मला तेच शिकवलं.

बायका आत्तापासून गोड भाकऱ्यांची वाटणी करतायत, खसखशीच्या कोण करणार आणि आलुबुखाराच्या कोण. माझ्या वाट्याला खसखस.

२९ जून

पाहुणे साठेक. गावाची माणसं एकशे अठरा, सगळी आलेली. ब्लांका पहिल्या रांगेत, खुर्चीत. बारीक, पांढऱ्या केसांची, मांडीवर आईचा फोटो. वोंद्राक मागे लिंडेनच्या झाडाखाली.

कारागिरांनी गोळा कापला. आत पत्र्याची नळी, तिचा डाख इतका पक्का की कापायला दहा मिनिटं लागली. वर्तमानपत्र निघालं, थोडी नाणी, गावच्या घरांची यादी. आणि घडी घातलेली चार पानं. सत्त्याऐंशी ते नव्वद. बाबांचं अक्षर!

सापडली! मी वाचायला लागले. गारा, राय धान्य, बटाटे, दोन बारशी, एक लग्न. पान उलटलं. 'ऑक्टोबर.' ब्लांका पुढे झुकली. मी पहिली ओळ मनात वाचली. दुसरी वाचली.

मग मी मान वर केली आणि म्हटलं, "पुढचं ओलीनं गेलंय. वाचता येत नाही."

मी म्हटलं. मी!

लोक हळहळले, मग टाळ्या वाजल्या, बँड सुरू झाला. ब्लांकाने माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाली, तुम्ही प्रयत्न केलात, आजवर तेवढाही कोणी केला नव्हता. मी तिला खसखशीची भाकरी दिली. पानं वाळवायला म्हणून घरी आणली. राडिम म्हणाला, सोमवारी परत गोळ्यात घालू.

वोंद्राक झाडाखालून निघून गेला होता.

३० जून

पानं टेबलावर आहेत. उन्हाळ्यातल्या पाचोळ्यासारखी कोरडी. कुठे डागसुद्धा नाही.

उतरवून घेते, नाहीतर मलाच खरं वाटणार नाही:

'अर्ज मी लिहिला. शब्द माझे. शाळेचं छत गळत होतं, तीन वर्षं जिल्ह्याकडे दाद लागत नव्हती, शाळा बंद करणार होते. पाणचक्कीच्या चार मोठ्या खोल्या मला हव्या होत्या. वाटलं, वेइवोदांना शेजारच्या गावात घर देतील. विचारलं नाही. पहिली सही माझी, माझ्यामागे तेवीस जणांनी केली. आल्बिन वोंद्राकने सही केली नाही. शिक्का त्याला मारावा लागला.'

आणि समासात, वेगळ्या शाईने, सत्तावन्न सालचं:

'ड्राहोमीरा आता वाचू लागली आहे. म्हणून ही पानं इथून काढतो.'

मी सात वर्षांची होते. त्याच खोल्यांत बाबा मला वाचायला शिकवत होते! जात्याशेजारी बसवून! मी त्यांना विचारलं होतं, हे जातं कोणाचं? ते म्हणाले होते, चक्कीचं.

बाबांचा फोटो भिंतीवरून काढला. परत लावला. परत काढला. संताप कोणावर करायचा तेच कळेना. त्यांच्यावर, माझ्यावर, त्या सोनेरी फलकावर. शेवटी रस्ता ओलांडला. वोंद्राक अंगणात घमेल्याला ठिगळ लावत बसला होता. मी विचारलं, कधीपासून माहीत आहे?

"वडील गेले तेव्हापासून. एकाहत्तर साल."

"आणि मी तुला इतकी वर्षं जे बोलले ते?"

"बोललीस खरी."

म्हटलं, मग एकदा तरी तोंडावर फेकायचंस! मी ओरडलेच त्याच्यावर. लाज वाटली की मला ओरडताच येतं, दुसरं काही येत नाही. त्याने घमेलं खाली ठेवलं.

"तुझ्या बापाबद्दल बोलताना तू कशी दिसायचीस ते तुला माहीत नाही, ड्राहा. माझ्या बापाचं काय, त्याला सगळंच गाव शिव्या द्यायचं, त्यात तुझी एक. आणि शिक्का तर त्यानंच मारला होता."

मग म्हणाला, उद्या नळीला डाख मीच देणार आहे. पानं आत घालायची असतील तर सकाळी दहाच्या आत आणून दे, मी बघणार नाही.

त्याने मला कॉफी विचारली. मी प्याले.

१ जुलै

सकाळी आठला ब्लांकाला फोन केला. म्हटलं, कागद कोरडा आहे. ये.