बंद गाडीतील गौरी आणि हळदीवर आलेला ठपका

प्रति,
मा. मुख्य तक्रार अधिकारी,
सौदामिनी विद्युत मोटर्स,
मुख्य कार्यालय, पुणे

अर्जदार : सौ. जानकी रमाकांत खानवलकर, वय ७२, राहणार लक्ष्मी तालाजवळ, झाशी (उत्तर प्रदेश)

विषय : खोट्या जबाबावर सही न घेता माझी विजेची गाडी दुरुस्त करून परत देण्याबाबत.

संदर्भ : आपल्या झाशी वर्कशॉपचे दि. १३ सप्टेंबर २०२५ चे अंदाजपत्रक व त्यासोबतचा जबाब.

महोदय,

१. विनंतीपूर्वक कळविते की, सदर गाडी माझ्या नावावर आहे. माझे यजमान श्री. रमाकांत यांना दर मंगळवारी व शुक्रवारी डायलिसिसला न्यावे लागते, त्यासाठीच ती जुलै २०२४ मध्ये घेतली. सून प्रिया चालवते. आम्ही तीन पिढ्या झाशीत आहोत, घराबाहेरचे बोलणे सगळे हिंदीत होते. पण मी एक्कावन्नाव्या वर्षी लिहायला शिकले ते यजमानांकडून, मराठीत. आपली कंपनी पुण्याची असल्याने याच भाषेत लिहीत आहे.

२. चौदा महिन्यांत गाडीने काय काय केले ते असे. बबीन्याच्या रस्त्यावर समोरचा पडदा काळा पडला. वेग किती, चार्ज किती, काही कळेना. प्रिया बैलगाडीच्या चालीने घरी आली. एकदा चार्जिंगची वायर गाडीतच अडकली आणि गाडी दीड दिवस खुंट्याला बांधलेल्या म्हशीसारखी उभी राहिली. छोटी बॅटरी दोनदा बदलली. मला जे सांगण्यात आले त्यानुसार मोठी बॅटरी गाडी चालवते आणि छोटी दारे, दिवे व कुलपे सांभाळते. छोटी मेली की मोठी काठोकाठ भरलेली असूनही गाडीचे मढे होते. दर वेळी वर्कशॉपचे उत्तर एकच, "सॉफ्टवेयर है माताजी, अपडेट आएगा." अपडेट आले, रोग गेला नाही. वर मोबाइलवर विचारणा, अनुभव कसा वाटला, पाच तारे द्या. या ताऱ्यांची मला शिसारी आली आहे.

३. दि. ३१ ऑगस्ट रोजी गौरींचे आवाहन होते. मुखवटे रंगवायला दिले होते, ते प्रियाने सकाळी आणले. गौरींना ओवाळल्याशिवाय व त्यांना आणणारीच्या पायांवर दूध-पाणी घातल्याशिवाय आमच्याकडे उंबरा ओलांडू देत नाहीत. म्हणून मुखवटे मागच्या सीटवर ठेवून ती मला बोलवायला आत आली. मी तबक घेऊन बाहेर येईपर्यंत गाडीने आपोआप कुलूप लावून घेतले होते आणि छोटी बॅटरी तिसऱ्यांदा मेली होती. लोखंडी किल्ली फिरली. पण दाराचे हँडल दारातच बसलेले, ते वीज मिळाल्यावरच बाहेर येते. वीज द्यायची तर बॉनेट उघडावे लागते आणि बॉनेटचा खटका गाडीच्या आत आहे. ही रचना ज्याने केली, त्याला मी एकदा पाहू इच्छिते.

४. आपल्या हेल्पलाइनने सांगितले, "काँच तोड़ी तो वारंटी खत्म. मैकेनिक बुधवार को आएगा." गौरी तीनच दिवस माहेरी असतात व तो रविवार होता. त्यामुळे दि. १ रोजी गौरींचे पूजन गाडीतच झाले. रांगोळीची पावले दारापासून गाडीच्या चाकापर्यंत काढली. हळदकुंकू काचेवर लावले, पुरणाचा व सोळा भाज्यांचा नैवेद्य बॉनेटवर ठेवला. शेजारच्या मराठी अहिल्यावहिनी म्हणाल्या, "जानकी, यंदा गौरी गाडीवाल्या झाल्या गं! पण एसी लाव, घामाने रंग उतरेल." दि. २ रोजी विसर्जनाला अक्षता टाकून मुखवटे जागेवरून हलवावे लागतात. ते हाती नव्हते, म्हणून मुलगा मिलिंद व शेजारचे दोघे यांनी अख्खी गाडीच थोडी हलवली.

५. दि. ३ रोजी मेकॅनिक आला, त्याने खालून वायर घालून पाच मिनिटांत दार उघडले व गाडी उचलून नेली. दि. १३ रोजी मिळालेल्या अंदाजपत्रकात पुढची संपूर्ण वायरिंग रु. १,१२,०००, चार्जिंगचा संच रु. ६८,००० व "धार्मिक पदार्थांची सफाई" रु. ४,५०० असे लिहिले आहे. ज्या छोट्या बॅटरीने हे सर्व केले, तिचे नाव कागदावर कोठेही नाही. सोबतच्या जबाबात असे आहे की, ग्राहकाने पूजेत हळद, तूप व पाणी सांडल्याने आणि धक्के दिल्याने वाहन बंद पडले. त्यावर सही केल्यास अर्धा खर्च माफ व गाडी दोन दिवसांत. न केल्यास गाडी तेथेच आणि तिच्या उभे राहण्याचे भाडे रोज वेगळे. वर्कशॉपचे व्यवस्थापक आशुतोषजी म्हणाले, "अम्माजी, पढ़ना क्या है, बस यहाँ दस्तखत कर दीजिए." मी वाचले. गाडी रविवारी बंद पडली. हळद सोमवारी लागली. धक्का मंगळवारी बसला. आपल्या कंपनीत वार कोणत्या क्रमाने येतात ते कळवावे.

६. तूर्त यजमान ऑटोने जातात. काल, शुक्रवारी, परतताना खड्ड्यांच्या धक्क्यांनी सुई टोचलेल्या जागेतून रक्त वाहिले. प्रियाने घरापर्यंत जागा अंगठ्याने दाबून धरली. रात्री मी त्यांना विचारले, करून टाकू का सही. ते म्हणाले, "गौरींवर आळ घालून मिळालेल्या गाडीत मला बसायचं नाही."

७. तरी विनंती की गाडी वॉरंटीत दुरुस्त होऊन पुढच्या शुक्रवारच्या आत मिळावी व भाड्याची मागणी रद्द व्हावी. मी जबाबावर सही करणार नाही. त्याऐवजी जे घडले ते मी माझ्या हाताने सात ओळींत लिहून सोबत जोडले आहे. खाली कंपनीच्या सहीसाठी जागा सोडली आहे. आपण सही करावी. मात्र करण्यापूर्वी वाचावे.

उत्तराची वाट पाहणारी आपली ग्राहक,

जानकी रमाकांत खानवलकर
झाशी, दि. २० सप्टेंबर २०२५

सोबत :
१) अंदाजपत्रकाची प्रत
२) कंपनीचा जबाब, सही न केलेला
३) काचेतून काढलेला गौरींचा फोटो, तारीख व वेळेसह
४) माझा जबाब, सही केलेला