मोटारीची खांदशेकणी

१२ जुलै १९५९
मोटार घरी आली. दिग्रसच्या एका जिनिंगच्या आवारात कडुनिंबाखाली सडत होती. शेठले म्हटलं, माझी बैलजोडी घ्या, मोटार द्या. तो लगेच हो म्हनाला. मानूस पारखता आला पाहिजे. पवळ्या-हौश्यानंच ती ओढून आनली, मंग शेठचा गडी त्यायले घेऊन गेला. गोठा रिकामा, म्हनजे गॅरेज तयार. मैना जेवली नाही. पोट बिघडलं असंल.

१३ जुलै
मैना घाटंजीले माहेरी गेली. पोळ्याले दारात बैल नाही तं घरात मी नाही, म्हने. म्हटलं, पोळ्याले मोटार तोरनाखाली उभी करतो अन् तुले त्यातच बसवून घरी आनतो. ती म्हनाली, "चालली तं राहीन. नाही चालली तं यष्टीनं वापस." मोटार हाकता येते का, हेही विचारलं. पांढरकवड्याच्या रोडवर ट्रकात ड्रायव्हरच्या बाजूले मी किती वेळा बसलो, तिले काय माहीत.

२ ऑगस्ट
गंज खरडून राह्यलो. दरवाज्यातून बोट आरपार गेलं. हवा खेळती राहील. सीटमधी सरकीसकट कापूस भरला. बॉडीले बैलाच्या शिंगायचा लाल रंग मारला. टप फाटला होता, तिथं हौश्याची झूल शिवली. शेजारचे बबनराव म्हने, अजून चालू नाही केली का? म्हटलं, नवरदेवाले आधी सजवतेत, मंग चालवतेत.

१९ ऑगस्ट
झोप नाही. हँडल मारून मारून माझा खांदा उतरला. इंजिन खोकलते, थुकते, चूप बसते. पंख्याचा पट्टा तुटला. जिनिंगमधला जुना पट्टा कापून शिवला. शेठनं जोडी तांड्यावरच्या धरमसिंगले देली म्हनते. तो वावरात जाताना माझ्याच घरावरून नेते. बैल दारात अडून बसतेत. त्यानं रस्ता बदलला पाहिजे.

२८ ऑगस्ट
चालू झाली! मारोतीच्या देवळापर्यंत गेली. येताना उतार होता, म्हनून आली. बबनराव घाटंजीच्या बाजारले चालले होते, त्यायच्याजवळ मैनेले निरोप धाडला. ये म्हना.

१ सप्टेंबर, संध्याकाळ
गावभर बैलायचे खांदे शेकून राह्यले. तूप-हळद चोळतेत, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या, म्हनतेत. मोटारीनं काय पाप केलं? पन तिचा खांदा कोनता? डोकं चालवलं. जिथं ओढ पडते तो खांदा. पंख्याच्या पट्ट्याले पावशेर तूप अन् हळद रगडून चोळली. पट्टा कसा मऊ झाला. आवतन देलं. मैना येईन ना?

२ सप्टेंबर, पोळा
मैना दुपारच्या यष्टीनं आली. घरात पाय नाही ठेवला, थाळी घेऊन सरळ तोरनाकडं.
मोटार एका हँडलात चालू. पहिला मान पाटलाच्या जोडीचा, पन ब्रेक लागला नाही म्हनून पुढं मी. तोरनापाशी बॉनेटमधून पुरनपोळीचा वास आला. मंग वाफ. तुपानं पट्टा घसरून राह्यला होता, पंखा फिरेना, पानी उकळलं. मोटार बरोब्बर तोरनाखाली बंद.
मागं साऱ्या गावचे बैल खोळंबले. पोळा फुटेना. लोकायनं ढकललं, तं चाकं काळ्या मातीत अजून रुतली. म्हटलं, कोनी जोडी लावा रे. नानाजी पाटील म्हनाले, "देवराव, पोळ्याले बैलाच्या मानेवर जू ठेवतेत का?"
शेवटी गावानं तोरनच सोडलं अन् पलीकडं बांधलं. मोटारीसाठी तोरन हललं, असा मान आजवर कोनाले भेटला नसंल.
मैना माझ्यासमोरून गेली. धरमसिंगजवळच्या पवळ्या-हौश्याले कुंकू लावलं, पोळी चारली. त्यायनं तिचा हात चाटला. माझ्या डोळ्यात पानी आलं. वाफ फार होती. मैना बबनरावाच्या घरी झोपाले गेली.

३ सप्टेंबर
सकाळी धरमसिंगनं जोडी लावून मोटार काढली. स्टिअरिंगवर मी. पेट्रोल लागलं नाही. माझं घर येताच बैल न हाकता गोठ्यात शिरले अन् आपल्या जागेवर उभे राह्यले, मोटारीसकट. मैना धावत आली. त्यायले पानी पाजलं, मानेवरून हात फिरवला. मले वाटलं, आता राह्यते. म्हटलं, मैने, बैल आले ना दारात.
ती म्हनाली, "त्यायले घर कळलं. तुमाले नाही कळलं."
धरमसिंगनं मोटार सोडली अन् तेच बैल आपल्या सवारीच्या दमनीले जुंपले. मैना त्यात बसून यष्टीवर गेली.
संध्याकाळी सवयीनं गोठ्यात पान्याच्या दोन बादल्या ठेवल्या. मंग आठवलं. एक रेडिएटरमधी ओतली, खालून सारी वाहून गेली. दुसरी तशीच आहे.