गाडीचा मूळ रंग

बाबा, परत आलेल्या गाडीवरची ताडपत्री अर्धी ओढून झाली होती तेव्हा आई ओसरीतून म्हणाली, "हे कोणाची गाडी होय वं?" मी म्हटलं, आपलीच. बाबांची. ती पायऱ्या उतरून आली. समोरच्या दिव्याकडे पाहिलं, दारावरून हात फिरवला. "काळी काहून केली?" भाऊ दुसऱ्या बाजूनं ताडपत्री गुंडाळत होता. तो म्हणाला, "आई, मूळ रंग हाच होता. निळा बाबांनी नंतर लावला." "मले काय सांगतं? रंगाचा डबा मीच धरला होता," आई म्हणाली.

तुम्ही गेल्यावर दोन वर्षं गाडी बाहेरगावी एका कारागिराकडे होती. माणूस भला आहे. त्यानं मला फोनवर दाराचा खरवडलेला तुकडा दाखवला: वर निळा, त्याखाली पुन्हा निळा, सगळ्यात खाली काळा. "तुमच्या वडिलांनी गाडी फार वापरली," तो म्हणाला. पेशंटच्या दारूबद्दल डॉक्टर बोलतात तशा आवाजात. संत्र्यांच्या पेट्यांसाठी तुम्ही टपावर वेल्डिंग करून घेतलेलं लोखंडी कॅरियर त्यानं कापून काढलं. एसटीच्या सीटा शिवणाऱ्याकडून बसवलेलं रेक्झिन काढलं, जीपचा कार्बोरेटर काढला, ट्रकचा भोंगा काढला. काढलेलं सगळं पोत्यात भरून त्यानं परत पाठवलं. आता गाडी कारखान्यातून निघाली तशी आहे. देशात अशा मोजक्याच उरल्यात म्हणतात. ती पाहताना माझ्या डोळ्यांपुढे तुम्ही येत नाही. मी कधीही न पाहिलेला तो साहेबाचा बंगला येतो.

तुम्ही त्याबद्दल एकदाच बोललात. आपण काटोलहून परत येतोय, थंडीचे दिवस आहेत, टपावर पेट्या करकरताहेत. रस्त्याच्या कडेला एक बाई मूल खांद्यावर घेऊन उभी आहे, मुलाला उलट्या होताहेत. तुम्ही गाडी थांबवता. मी मागच्या सीटवर आहे. शहाणपणानं पेपर उघडून माझ्या शेजारी पसरते आणि बाईला म्हणते, यावर बसा. तुम्ही वळता. आवाज चढवत नाही. पेपर ओढून घेता, त्याचा बोळा करता. "माह्या बापानं हे गाडी रोज धुतली, साहेबाच्या बंगल्यावर. बसला नाही एकडाव. आता जो येईन तो बसन." मग गिअर टाकता. दवाखाना यायच्या आत मूल सीटवर ओकतं, तुम्ही मोठ्यानं हसता आणि म्हणता, "झालं उद्घाटन!" घरी आई बादली घेऊन येते आणि बोलत राहते, "आना, अजून चार जन आना घरी." दुसऱ्या दिवशी तुम्ही खरंच चार जण आणता. धम्मचक्र दिनाला स्टेशनपासून दीक्षाभूमीपर्यंत म्हाताऱ्या माणसांच्या फेऱ्या चालायच्या, तेव्हा गाडीत किती जण आहेत हे बाहेरून सांगता येत नसे.

भावाचं म्हणणंही तुम्हाला सांगायला हवं. त्याला गाडी जगवायची होती. "ताई, रोज चालवली त पाच वर्षांत भंगार होईन. हिच्या गिअरचे दात झिजले त नवे दात कोणी बनवून नाही राहिलं." त्यानं एक संग्राहक शोधला. त्याच्याकडे गाड्यांसाठी मोठं दालन आहे. तिथं धूळ नाही, ऊन नाही. गाडी तिथं उभी राहील, चालणार नाही. समोर पाटी असेल. भावाला वाटलं होतं पाटीवर तुमचं नाव येईल. संग्राहक नम्रपणे म्हणाला, आम्ही पहिला मालक लिहितो, मधले लिहीत नाही. म्हणजे बंगल्यातला साहेब. भाऊ त्याच्याशी खूप भांडला. शेवटी "गाडी त जगन," म्हणून त्यानं होकार दिला. मी आयुष्यभर वर्गात उभं राहून मुलांना लिहायला शिकवलं, पण मला त्या माणसाला पाठवण्यासारखं एक वाक्य सुचलं नाही. तो खोटं बोलत नव्हता. कारागीरही खोटं बोलत नव्हता. आणि तुमच्या हाती राहिली असती तर तुम्ही ती केव्हाच चालवून संपवली असती, हेही खरं. तेही मला नको होतं. मला नेमकं काय हवं होतं ते मी दोन वर्षांत ठरवू शकले नाही.

आज संध्याकाळी आई पांढरं लुगडं नेसून बाहेर आली, दीक्षाभूमीवर जाताना नेसते ते. "चला, मले एक चक्कर मारून आना. चौकापर्यंत." भाऊ म्हणाला, ब्रेकचा भरवसा नाही, उद्या ट्रक येणार आहे, काही झालं तर ते लोक गाडी घेणार नाहीत. आई म्हणाली, "मंग नुसती बसतो. बसाले त ब्रेक नाही लागत?" तो हसला. त्यानं मागचं दार उघडलं, आतलं फिक्या रंगाचं नवं चामडं पाहिलं आणि म्हणाला, "थांब, चादर टाकतो." धावत घरात जाऊन चादर आणली. एक टोक माझ्या हातात दिलं. काटोलचा तो दिवस त्याला माहीत नाही. तेव्हा तो जन्मलाही नव्हता. आई आमच्याकडे बघत होती. मी टोक सोडून देऊ शकले असते. मी त्यावरची सुरकुती काढली. आई म्हणाली, "राहू द्या बाप्पा. माह्या पायाले माती असन." रागानं नाही म्हणाली. चपला घालून ती मागं गेली आणि नळाशेजारच्या मोगऱ्याला पाणी घालू लागली. भावानं मला हळूच विचारलं, "ताई, माह्यं काही चुकलं का?" मी म्हटलं, नाही.

तुम्ही काय केलं असतं ते मला विचारायचं नाही. मला ते माहीत आहे. मला ते करता आलं नाही, एवढंच. तुम्हाला लिहिलेला हा कागद मी कपाटात ठेवणार नाही आणि फाडणारही नाही. उद्या कुठंतरी राहून जाईल.

बाबा, कागद हातातच राहिला, म्हणून हेही लिहिते. सकाळी ट्रक आला. गाडी तारेनं ओढून वर चढवली, इंजिन सुरू करावं लागलं नाही. भाऊ ट्रकबरोबर गेला. वळणावर ट्रक दिसेनासा झाला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. रिकाम्या जागेत ऊन आलं होतं. आईनं तिथं सतरंजी टाकून गहू वाळत घातले.